पुर्तोमोंतच्या पुढचं बेट

आमच्या घरात तहानेला ‘अरिका’ म्हणत. उकडायला लागलं की ‘अंतोफगस्ता’. आणि ‘पुर्तोमोंत’ ऐकू आलं की आय हातातलं काम टाकून कोरडी चादर शोधायला धावायची. ही चिली नावाच्या देशातल्या बंदरांची नावं आहेत, हे मी आज सहज लिहिते. तेव्हा आमच्या शाळेतल्या बाईंनाही नकाशावर चिली शोधायला चष्मा पुसून घ्यावा लागला होता. नावं मी आम्ही म्हणायचो तशीच लिहिते आहे. बरोबर उच्चार काय ते आता फोन सांगतो, पण फोनचा उच्चार ऐकून माझ्या वडिलांनी मान वळवली नसती.

बाबा मालवाहू जहाजावर आचारी होते. आम्ही ठाण्याच्या कोपरीचे कोळी. आजोबांनी जन्मभर खाडीत जाळं टाकलं, बाबांनीही तरुणपणी टाकलं. पण पुढे खाडीच्या पाण्याला वास यायला लागला, बोय आणि कोळंबी कमी झाली आणि गल्लीतली पुरुषमाणसं एकेक करून कारखान्यांच्या पाळ्यांना लागली. पूर्वी होडी ओढून वर घ्यायची असली की एक हाक पुरायची; जेवणारा माणूस हात न धुता उठून यायचा, भांडण असलेलाही यायचा, दोरीला हात लावायचा आणि न बोलता परत जायचा. माझ्या लहानपणीच ते संपत आलं होतं. होड्याच उरल्या नाहीत, मग ओढायचं काय. बाबांना भोंग्यावर उठणं जमण्यातलं नव्हतं. ते जहाजावर गेले आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला डाळभात शिजवू लागले.

त्यांचं जहाज चिलीच्या किनाऱ्याने बंदर बंदर करत वरून खाली जायचं. सुट्टीवर घरी आले की संध्याकाळी ओट्यावर बसून ते आयला जवळा निवडू लागायचे आणि माझ्याकडून बंदरं पाठ करून घ्यायचे. इतरांच्या घरी परवचा, आमच्याकडे हे: अरिका, इकिके, अंतोफगस्ता, कोकिंबो, वालपरायसो, तालकवानो, पुर्तोमोंत, चिलोवे, पुंताअरेना. एका दमात. मध्ये अडखळलं की पहिल्यापासून.

“पडवल बघितलंस ना, दगड बांधून टांगलेला? तसा देश,” बाबा सांगायचे. “एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला डोंगर, आन मधी जेवरी जागा उरंल तेवरा चिली.”

वरच्या टोकाला अरिका, जिथल्या म्हाताऱ्यांनाही पाऊस म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. इकिकेला गावाच्या पाठीशी वाळूचा डोंगर, कधी लवंडेल असा. अंतोफगस्ताजवळ समुद्रात उभी दगडी कमान आणि मागे वाळवंट. त्यात तांबं निघतं पण गवताची काडी निघत नाही. कोकिंबोला पपया एवढ्याशा, पण गोदीभर वास. आणि आभाळ इतकं स्वच्छ की बाबा म्हणायचे, चांदण्या सुपात घेऊन जवळ्यासारख्या निवडाव्यात. वालपरायसोला टेकड्याच टेकड्या, त्यांवर पत्र्याची घरं, जहाजाचा उरलेला रंग फासलेली, निळी, पिवळी, लाल. आणि खालून वर जायला रुळांवरून चढणारे डबे, माणसाला बसल्या जागी उचलून नेणारे. तालकवानोला माशांचा वास, “आपल्या गल्लीसारखा, तिथं मना बरा वाटायचा.” पुर्तोमोंतला पाऊस थांबतच नाही, आणि थांबलाच तर समोर बर्फाची टोपी घातलेला ज्वालामुखी दिसतो, मग लोक कामं टाकून बघत उभे राहतात. सगळ्यात खाली पुंताअरेना. तिथे वारा असा की रस्त्याच्या कडेने दोऱ्या बांधलेल्या, माणसं त्या धरून बाजाराला जातात. जवळच्या बेटावर पेंग्विन, शाळेत निघाल्यासारखे. त्या भागातलं बर्फ पांढरं नसतं, निळं असतं, हे मी शाळेत सांगितलं आणि वर्गाने मला महिनाभर निळी म्हणून हाक मारली.

राहिलं चिलोवे. ते पुर्तोमोंतच्या पुढचं बेट. तिथली लाकडाची घरं पाण्यात खांबांवर उभी असतात, एवढं ऐकून मी नेहमी एकच प्रश्न विचारायची: तिथे खातात काय? “तिथं तर आपली पोपटीच करतात,” बाबा म्हणायचे. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगा, बटाटे, अंडी भरतात, मडकं पालथं घालतात आणि भोवती जाळ करतात, तीच पोपटी. चिलोवेला मडक्याऐवजी जमिनीत खड्डा, त्यात तापवलेले दगड, वर शिंपले, मटण, बटाटे, आणि छत्रीएवढ्या पानांचं झाकण. हे मी पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. बाबा कधीतरी म्हणायचे, “आनखी पन एक गम्मत हाय तिथली.” मी म्हणायची, “आधी बटाटे किती घालतात ते सांगा.” मी खादाड होते. अजूनही आहे, डोंबिवलीतल्या डॉक्टरांना विचारा.

अशाच एका सुट्टीत बाबा चुलीपाशी कोलीम, म्हणजे अगदी बारीक जवळा, परतत होते आणि कालथा हातातून पडला. आय म्हणाली, “काय झायला?” आणि बाबा उत्तर द्यायच्या ऐवजी हळूहळू भिंतीला टेकत खाली बसले. इस्पितळातून आणले तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि बोलणंही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येईल, समजेलही, पण शब्द सापडणार नाहीत. कधी कधी लहानपणापासूनचं पाठ असलेलं काही उरतं, श्लोक वगैरे. आयने गणपतीची आरती म्हणून पाहिली, हनुमानाचं म्हणून पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग एका सकाळी ती त्यांचं तोंड पुसत होती आणि त्यांनी वाकड्या ओठांनी, पण स्पष्ट, म्हटलं: अरिका, इकिके, अंतोफगस्ता, पार पुंताअरेनापर्यंत. आय आधी हसली आणि मग पदर तोंडात धरून रडली.

शेजारच्या बाईंनी भगत आणायची तयारी दाखवली. माणूस परकी भाषा बोलतोय म्हणजे अंगात कुणीतरी आलंय. आय म्हणाली, “भगताला वालपरायसो कलतंय का? कलत असंल तर बोलवा.” तो विषय तिथेच संपला.

खूण प्रथम माझ्या लक्षात आली, याचा मला तेव्हा फार तोरा होता. एका दुपारी बाबा नुसतंच ‘अरिका, अरिका’ करत होते, आणि मला एकदम वाटलं, तिथे पाऊस नाही. मी पाणी दिलं. ते घटाघटा प्यायले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी धावत जाऊन आयला ओढून आणलं. मग एकेक नाव उलगडत गेलं. अंतोफगस्ता म्हणजे वारा घाल. पुंताअरेना म्हणजे पांघरूण दे, खिडकी लाव. तालकवानो म्हणजे भूक, आणि ती मासळीचीच. भाजीचं ताट पुढे केलं तर दुसऱ्यांदा तालकवानो, जरा जोरात. पुर्तोमोंत सांगितलंच. कोकिंबो म्हणाले की आम्ही खाट दाराशी सरकवायचो आणि ते आभाळ बघत पडून राहायचे, ठाण्याच्या आभाळात दिसायचं तेवढं.

वालपरायसो म्हणजे मला वर उचला. हे सगळ्यात अवघड होतं. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, आढ्याला एक जाड सुती दोर बांधला. बाबा डाव्या हाताने तो धरायचे आणि दादा पाठीत हात घालून त्यांना बसतं करायचा. बाबा हाडापेराने मोठे. आय आणि मी दोघी मिळूनही ते होत नसे. दादा दूर मोहने गावातल्या कारखान्यात लागला होता. कोपरीहून मोहने म्हणजे जाण्यायेण्यात आणि पाळीत त्याचा दिवस जायचा. तो नसताना बाबा ‘वालपरायसो’ म्हणत राहायचे आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायचो. गल्लीत हाक मारावी तर पुरुषमाणसं सगळी कामावर. घरी असत ती म्हातारी नाहीतर पाळीवरून येऊन मेल्यासारखी झोपलेली. शब्द कळतोय, माणसाला काय हवंय ते कळतंय आणि तेवढंच आपल्या हातून होत नाही, ही गोष्ट मी त्या वयात शिकले. पुढे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. लोक म्हणतात, बघ, नशिबानेच तुला दुसऱ्यांचे निरोप पोचवायला बसवलं. नशीब कसलं, जाहिरात आली, अर्ज केला.

त्यांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. आय हळद लावायची, केळीच्या पानावर निजवायची, पण जखमा वाढत गेल्या. तेव्हा दादाने ठरवलं की मोहन्याला जायचं. तिथे त्याला खोली मिळत होती, कारखान्यापासून चालत. मधल्या सुट्टीत येऊन तो बाबांना उठवू शकला असता. आय ऐकून खालीच बसली. लाकडी खांबांचं, कौलांचं ते घर खाडीच्या बाजूला होतं आणि ती लग्न होऊन तिथेच आली होती. पण पाठ तीच धुवायची, तिला सगळं दिसत होतं. “चला,” ती म्हणाली. हे बोलणं आम्ही पडवीत, आवाज खाली ठेवून केलं. बाबांना ऐकू गेलं नसेल असं आम्ही धरून चाललो, जशी घरोघरी आजारी माणसाबद्दल धरून चालतात.

त्यानंतर बाबांनी ‘चिलोवे’ म्हणायला सुरुवात केली.

ते नाव तोवर त्यांना कधी लागलं नव्हतं. आता सकाळ-दुपार तेच. म्हणायचे आणि डाव्या हाताने दोर ओढायचे. आम्हाला वाटलं उठायचंय. दादाने उठवलं, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि बसल्या बसल्या पुन्हा दोर ओढला. मग खाटेशेजारच्या खांबावर थापट्या मारल्या. चिलोवे. मी पाणी दिलं, वारा घातला, पांघरूण घातलं. चादर कोरडी होती. आयने देवाचा अंगारा लावला. चिलोवे.

“त्यांना काय पायजे ता सांग ना,” आय मला म्हणाली, जणू मी मुद्दाम लपवून ठेवलंय.

मी विचार करकरून डोकं दुखवून घेतलं. आणि मग मला सुचलं, आणि ते इतकं उघड होतं की मी टाळी वाजवली. चिलोवे म्हणजे पोपटी. दोर ओढतात म्हणजे जाळं ओढतात. कोळ्याच्या घरात दोर ओढायचा दुसरा अर्थ कुणाला सुचणार? बाबांना खाडीतल्या शिंपल्यांची पोपटी खायची आहे, या घरातून निघण्याआधी एकदा. आयला ते ऐकून एवढं बरं वाटलं की तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तिला आता काहीतरी करता येणार होतं.

ती स्वतः चिखलात उतरली आणि टोपलीभर शिंपल्या घेऊन आली, पोटऱ्यांपर्यंत काळी होऊन. दादाने मोहन्याच्या नदीकाठच्या शेतांतून भांबुर्डी आणली. तिच्या उग्र वासाने घर भरून गेलं. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. अंगणात मडकं पालथं घातलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या. दिवस मावळायच्या बेताला जाळ केला. खाट दाराशी सरकवली होती, बाबांना सगळं दिसत होतं. दादाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, ते चुर्र करून उडाले, म्हणजे झाली. मडकं फोडल्यावर जी वाफ आली तिचा वास आज सत्तरीला येऊनही मला कुठेही ओळखू येईल. शिंपल्या तोंड उघडून बसल्या होत्या. आयने एकेक सोलून, फुंकर घालून बाबांच्या ओठांशी नेली.

त्यांनी तोंड उघडलं नाही. तिने पुन्हा नेली. मांसाचा तुकडा ओठांवरून घसरून गळ्यावर पडला. बाबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि वाकड्या डोळ्यातूनही.

मला राग आला. खरंच राग आला, आणि मी बोललेही, “मग काय पायजे तुमाला, बाबा? काय पायजे?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी अरिकापासून सुरुवात केली, सावकाश, मी लहानपणी अडखळले की ते करायचे तशी. इकिके. अंतोफगस्ता. कोकिंबो. वालपरायसो. तालकवानो. पुर्तोमोंत. चिलोवे. तिथे थांबले आणि दोर ओढला. एवढ्या जोराने ओढला की आढ्यावरची माती आमच्या ताटांत पडली. त्यांनी खांबाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा ओढला. आम्ही तिघं समोर बसलो होतो आणि तिघांपैकी कुणालाही काही कळत नव्हतं. पोपटी तशीच राहिली. आयने ती गल्लीत वाटून टाकली.

टेम्पो आला त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत. दादाने आणि टेम्पोवाल्याने त्यांना चादरीसकट उचललं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खांब धरला. अंगात होता नव्हता तो सगळा जोर त्या एका हातात आला होता. टेम्पोवाला म्हणाला, “चला ना, उशीर होतो.” दादा खाली वाकला आणि त्याने बाबांची बोटं एकेक करून सोडवली, आयने लहानपणी आमच्या मुठीतून कात्री सोडवावी तशी, न दुखवता. मी ते बघायचं नाही म्हणून दोर सोडायला आढ्याकडे चढले.

मोहन्याच्या खोलीत दादा मधल्या सुट्टीत यायचा, बाबांना उठवायचा. जखमा सुकायलाही लागल्या. पण नावं गळत गेली. आधी कोकिंबो गेलं; भिंतीच काँक्रीटच्या, आभाळ बघणार कुठून. मग तालकवानो गेलं. पुंताअरेना गेलं. शेवटी फक्त अरिका राहिलं, आणि तेही आम्ही चमचा दाखवल्यावर. चिलोवे त्यांनी तिथे एकदाही म्हटलं नाही. आंबे बाजारात यायच्या सुमाराला ते गेले. सगळे म्हणाले, सुटले.

हे सगळं आत्ताच लिहायला बसायचं कारण तन्वी. दादाची नात, कॉलेज जवळ पडतं म्हणून डोंबिवलीत माझ्याकडे राहते आणि पोटभर जेवण झालं की फोनवर लांबलांबचे देश बघते. परवा म्हणाली, “आत्याआजी, हे बघ, चिली. एकाच देशात किती काय काय आहे, सिरियसली.” मी चष्मा लावला. समुद्रातली कमान आली. रंगीत पत्र्याची घरं आली, रुळांवरून चढणारे डबे आले. बर्फ आलं, आणि ते निळं होतं. मी मनातल्या मनात एकेक नाव म्हणत होते आणि फोन माझ्या मागोमाग चालला होता. पुर्तोमोंतचा ज्वालामुखी झाला आणि मग एक घर आलं.

लाकडाचं अख्खं घर, छपरासकट, खिडक्यांसकट, माळावरून चाललं होतं. खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या, आणि जाड दोर. दोराला माणसं, बाया, पोरं, म्हातारे. पुढच्या तुकड्यात तेच घर समुद्रात होतं, होड्या त्याला ओढत होत्या आणि ते पाण्यावरून छपरासकट ताठ उभं येत होतं. तन्वी वाचून सांगत होती, “यांच्याकडे कोणाला दुसरीकडे राहायला जायचं असलं ना, की घर सोडत नाहीत. गाव बोलावतात, आणि सगळे मिळून घरच ओढून नेतात. मग ज्याचं घर तो सगळ्यांना जेवायला घालतो. बेटाचं नाव चिलोए.”

“आनखी पन एक गम्मत हाय तिथली.”

बाबा ओट्यावर बसून म्हणायचे ते मला आत्ता ऐकू आलं. तन्वी विचारत होती, काय झालं, पाणी देऊ का. मी तिला म्हटलं, तुझ्या आजोबांना फोन लाव. दादा आता ऐंशीच्या पुढे गेला आहे, कान अधू झालेत. अजून मोहन्यालाच असतो. कारखाना बंद पडून जमाना झाला. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. दादा, बाबांना पोपटी नको होती. ते घर ओढायला सांगत होते. घर घेऊन चला म्हणत होते. आपल्याला कळलंच नाही रे.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

“ऐकला,” दादा म्हणाला. “चिलोवे मना नाय म्हायती. पन घर सोडायचा नाय ता कलत होता. बोटा मीच सोडवली ना.”

इतकी वर्षं मी समजत होते की आम्हाला कळलं असतं तर काहीतरी झालं असतं. मग दादानेच विचारलं, “घर ओढतात तवा मानसां किती लागतात गं?”

“सगळा गाव असतो, दादा.”

“हां,” तो म्हणाला. “आन मी एकटा व्हतो.”